दाणा बारीक, तर कास्टिंग पक्के
अॅल्युमिनियमच्या ओतकामातील रिजेक्शन कमी करणारा, स्वस्त पण दुर्लक्षित उपाय

कबनूर म्हटले की यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. इचलकरंजीला अगदी लागून असलेल्या या गावात कितीतरी घरांची चूल मागावर चालते. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. पुढे माग वाढले आणि मागाच्या पाठोपाठ सुट्या भागांचे, लेथचे, वेल्डिंगचे व ओतकामाचे धंदेही वाढले. तिकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या धंद्याने फाउंड्र्यांना बळ दिले. त्यातून शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहतींपर्यंत हा व्यवसाय पसरला.

हा सारा पट्टा मुख्यतः बिडाच्या ओतकामाचा. परंतु अलीकडच्या काळात वाहने हलकी करण्याकडे कल वाढला, विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि अॅल्युमिनियमच्या भागांची मागणी वाढत चालली. मोटारीच्या बॉडी व कव्हर, गिअरबॉक्सची घरे, पंपाचे भाग, मागाच्या बीमचे फ्लँज अशी कामे लहान कारखानदारही घेऊ शकतात. भट्टी लहान, तापमान बिडापेक्षा खूपच कमी आणि जागाही थोडी लागते. त्यामुळे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात माल मशीन शॉपमध्ये गेला की तक्रारी सुरू होतात. कोठे दाब चाचणीत गळती निघते, कोठे कोपऱ्यात चीर दिसते, कोठे टर्निंग केल्यावर आतली पोकळी उघडी पडते. ग्राहक संपूर्ण लॉट परत पाठवतो. लहान कारखान्याचा महिन्याचा नफा अशा एका परत आलेल्या टेंपोत बसून जातो.

यातील प्रत्येक दोषाचे कारण एकच नसते. परंतु बऱ्याच दोषांच्या मुळाशी असलेली आणि फारशी न बोलली जाणारी एक गोष्ट म्हणजे धातूचा दाणा. या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

दाणा म्हणजे काय?

अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. साच्यात ओतल्यावर रस थंड होऊ लागतो तेव्हा तो एकदम गोठत नाही. ठिकठिकाणी सूक्ष्म स्फटिक धरतात, ते वाढत जातात आणि शेवटी एकमेकांना भिडतात. असा प्रत्येक स्फटिक म्हणजे एक दाणा. रसात स्फटिक धरण्याच्या जागा थोड्या असतील तर थोडेच दाणे तयार होऊन ते मोठे होतात. जागा पुष्कळ असतील तर दाणे पुष्कळ आणि बारीक होतात.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे समजण्यास साखर कारखान्याचे उदाहरण पुरेसे आहे. पॅनमध्ये पाक घट्ट झाला की त्यात अगदी बारीक साखरेचे बी सोडतात. त्या बियांवर साखर जमत जाते आणि सर्व दाणा सारखा निघतो. बी घातलेच नाही तर दाणा कसाही, लहान-मोठा येतो. अॅल्युमिनियमच्या रसातही असेच बी पेरता येते. त्याला धंद्याच्या भाषेत ग्रेन रिफायनर म्हणतात. बिडाच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना लेडलमध्ये टाकावयाचा इनॉक्युलंट परिचित आहेच. अॅल्युमिनियममधील ग्रेन रिफायनर हा त्याचाच भाऊ समजावा.

अशी प्रक्रिया न केलेल्या जाड कास्टिंगमध्ये दाणा काही मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका मोठा असू शकतो. चांगली प्रक्रिया केली तर तो मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका बारीक होतो.

बारीक दाण्याचा फायदा

पहिला फायदा चिरांच्या बाबतीत. रस गोठत असताना धातू आकुंचन पावतो. दाणे मोठे असतील तर ते लवकर एकमेकांत अडकतात आणि आकुंचनाचा सारा ताण थोड्या सांध्यांवर येतो. तेथेच गरम असताना चीर पडते. दाणा बारीक असेल तर हा ताण असंख्य सांध्यांत वाटला जातो.

दुसरा फायदा रस पोहोचण्याचा. बारीक दाण्याचा अर्धवट गोठलेला रस अधिक काळ सरकत राहतो. त्यामुळे रायझरमधील रस जाड भागापर्यंत जाऊ शकतो. जी पोकळी राहते ती एका ठिकाणी मोठी न होता बारीक होऊन विखुरते. गळती निघते ती बहुधा एकमेकांस जोडलेल्या पोकळ्यांतून. म्हणून दाब चाचणी असलेल्या मालाला याचा विशेष उपयोग होतो.

तिसरा फायदा सारखेपणाचा. एकाच कास्टिंगच्या जाड व पातळ भागांत फरक कमी राहतो. मशीनिंगनंतर पृष्ठभाग चांगला येतो आणि अॅनोडायझिंग केल्यास डाग कमी दिसतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाणा बारीक केल्याने रसातील गॅस निघून जात नाही, मळ नाहीसा होत नाही आणि चुकीच्या जागी बसविलेला गेट किंवा अपुरा रायझर सुधारत नाही. घनरूप अॅल्युमिनियमच्या मानाने वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन सुमारे वीसपट मावतो. तो आधी काढलाच पाहिजे. जे लोक रिफायनर हा सर्व रोगांवरचा उतारा समजून टाकतात, त्यांची निराशा ठरलेली.

बी कशाचे?

या विषयाचा शास्त्रीय पाया ब्रिटनच्या नॉन-फेरस मेटल्स रिसर्च असोसिएशनमधील सिबुला या संशोधकाने घातला. टायटॅनियम व बोरॉन यांच्या अल्प मात्रेने वाळूच्या साच्यातील अॅल्युमिनियम कास्टिंगचा दाणा बारीक का होतो, याचे विवेचन त्याने १९४९ साली प्रसिद्ध केले. रसात न वितळणारे अतिसूक्ष्म कण राहतात आणि अॅल्युमिनियमचे स्फटिक त्यांवर धरतात, असा त्याचा सारांश. यातील मुख्य कण म्हणजे टायटॅनियम डायबोराइड. तो ३००० अंशांच्याही वर वितळतो. त्यामुळे आपल्या भट्टीतील ७२०-७४० अंशांत तो जसाच्या तसा राहतो.

आज बाजारात सर्वाधिक चालतो तो ५ टक्के टायटॅनियम व १ टक्का बोरॉन असलेला अॅल्युमिनियमचा मास्टर अलॉय. कारागीर त्याला नुसते 'पाच-एक' म्हणतात. तो सळईच्या किंवा वड्या पडतील अशा लादीच्या रूपात मिळतो. काही ठिकाणी टायटॅनियम व बोरॉनच्या क्षारांच्या टॅब्लेटही वापरतात. टॅब्लेटचा धूर होतो, मळ वाढतो आणि रसात प्रत्यक्ष किती माल उतरला याचा भरवसा कमी असतो. सळई महाग वाटली तरी हिशोबाला ती बरी.

सर्व सळया सारख्या नसतात हेही ध्यानात ठेवावे. केंब्रिज विद्यापीठातील ग्रीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, घातलेल्या कणांपैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी कणांवरच प्रत्यक्ष दाणा धरतो. मोठे कण आधी कामाला लागतात, बाकीचे तसेच पडून राहतात. म्हणून दोन कारखान्यांच्या सळयांवर टायटॅनियम व बोरॉनचा आकडा एकच छापलेला असला तरी परिणाम वेगळा येऊ शकतो. केवळ किलोचा भाव बघून पुरवठादार बदलणे महागात पडते ते यामुळेच.

सिलिकॉनची अडचण

आता महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. 'पाच-एक' हा माल मुळात पत्रे, तारा व सेक्शन बनविणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी रुळला. त्यांच्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन अगदी कमी असतो. आपल्या ओतकामाच्या मिश्रधातूंत मात्र सिलिकॉन भरपूर असतो. एलएम-४ मध्ये तो ४ ते ६ टक्के, एलएम-२५ मध्ये सुमारे ७ टक्के आणि एलएम-६ मध्ये १० ते १३ टक्के. सिलिकॉन साधारण ३ टक्क्यांच्या वर गेला की 'पाच-एक'चा प्रभाव कमी होऊ लागतो. शास्त्रज्ञ याला विषबाधा म्हणतात. कण रसात असतात, पण सिलिकॉनमुळे त्यांची दाणा धरण्याची शक्ती क्षीण होते.

मोठ्या गिरणीत चालते म्हणून आपल्याकडेही तेवढ्याच मात्रेत चालेल, ही समजूत येथेच फसते. अमेरिकेतील सिगवर्थ व गुझोव्स्की यांनी १९८५ साली दाखविले की, सिलिकॉनयुक्त मिश्रधातूंत टायटॅनियम व बोरॉन सारख्याच प्रमाणात, म्हणजे ३-३ टक्के असलेला मास्टर अलॉय अधिक चांगले काम करतो. आपल्या देशातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. आयआयटी खरगपूर येथे मूर्ती, कोरी व चक्रवर्ती यांनी ७ टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूवर प्रयोग केले. बोरॉन जास्त व टायटॅनियम कमी असलेले मास्टर अलॉय तेथे अधिक परिणामकारक ठरले. या तिघांनी २००२ साली या संपूर्ण विषयाचा घेतलेला आढावा आजही जगभर वाचला जातो. अलीकडे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाने सिलिकॉनयुक्त मिश्रधातूंसाठी नायोबियम व बोरॉन यांचा रिफायनर पुढे आणला आहे.

लहान कारखानदाराने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. पुरवठादाराला 'रिफायनर द्या' एवढेच सांगू नये. आपला मिश्रधातू कोणता, त्यात सिलिकॉन किती, इनगॉटमध्ये आधीच टायटॅनियम किती आहे, हे सांगून त्याप्रमाणे माल मागावा. एलएम-२५ च्या इनगॉटमध्ये पुष्कळदा टायटॅनियम आधीच घातलेले असते. त्यात आणखी टायटॅनियम टाकत राहिले तर जड गाळ तयार होऊन मुशीच्या तळाशी बसतो. अशा वेळी बोरॉन जास्त असलेला माल योग्य.

कोठे गरज, कोठे नाही?

वाळूचा साचा आणि ग्रॅव्हिटी डाय, विशेषतः जाड भिंतीचे कास्टिंग, येथे रिफायनरचा फायदा स्पष्ट दिसतो. एलएम-४ व एलएम-२५ ही त्याची मुख्य क्षेत्रे. प्रेशर डायकास्टिंगमध्ये रस इतक्या झपाट्याने थंड होतो की दाणा बहुधा आपोआप बारीक येतो. तेथे त्यावर खर्च करण्याआधी विचार करावा.

एलएम-६ ची गोष्ट निराळी. त्यात जवळजवळ सर्व रस सिलिकॉनबरोबर एकदमच गोठतो. तेथे दाण्यापेक्षा सिलिकॉनचा आकार महत्त्वाचा. सिलिकॉनच्या टोकदार पात्या राहिल्या तर कास्टिंग ठिसूळ होते. त्यावर सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम घालतात. या क्रियेला मॉडिफिकेशन म्हणतात. तिचा शोध पाझ याने १९२० च्या सुमारास लावला. ग्रेन रिफायनिंग व मॉडिफिकेशन ही दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणजे दुसरे झाले असे समजू नये.

पिस्टनचा प्रकार आणखी वेगळा. पिस्टनच्या काही मिश्रधातूंत सिलिकॉन १८ टक्क्यांच्या आसपास असतो. तेथे सिलिकॉनचेच मोठे खडे बारीक करावे लागतात आणि त्यासाठी फॉस्फरस घालतात. हाच फॉस्फरस स्ट्रॉन्शियमचा शत्रू आहे. जुन्या पिस्टनचे भंगार एलएम-२५ च्या मुशीत गेले की मॉडिफिकेशन बिघडते. म्हणून भंगार निवडून, वेगवेगळ्या ढिगात ठेवणे हा काटकसरीचाच भाग आहे.

मात्रा, वेळ आणि क्रम

१०० किलो रसाला २०० ग्रॅम 'पाच-एक' टाकले तर ०.०१ टक्का टायटॅनियम व ०.००२ टक्का बोरॉन वाढते. ही सुरुवातीची मात्रा समजून, आपल्या मिश्रधातूनुसार व पुरवठादाराच्या सल्ल्यानुसार ती वाढवावी. जास्त टाकले म्हणजे जास्त चांगले असे मात्र होत नाही. फाजील कण गोळा होऊन त्यांचे कठीण ठिपके बनतात आणि मशीन शॉपमध्ये टूलची धार जाते.

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. सकाळी भट्टी पेटली की रिफायनर टाकायचा आणि दुपारपर्यंत त्याच मुशीतून ओतत राहायचे, असे केल्यास शेवटच्या कास्टिंगांना त्याचा लाभ फारसा होत नाही. टायटॅनियम डायबोराइडची घनता ४.५, तर वितळलेल्या अॅल्युमिनियमची सुमारे २.४. साहजिकच कण हळूहळू तळाला बसतात. बिडातील इनॉक्युलंट जसा काही मिनिटांत विरतो, तसेच हे. फरक एवढाच की येथे वेळ थोडा जास्त मिळतो, आणि खाली बसलेले कण ढवळून बऱ्याच अंशी पुन्हा वर आणता येतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम रस योग्य तापमानाला आणावा, पायरोमीटरने मोजावा, नुसत्या रंगावर जाऊ नये. गॅस काढण्यासाठी क्लोरीनयुक्त टॅब्लेट वापरत असाल तर ते काम आधी उरकावे, कारण त्यातील क्लोरीन स्ट्रॉन्शियम खाऊन टाकते. या टॅब्लेटचा धूर घातक असतो. शक्य तेथे नायट्रोजन किंवा आरगॉन वायू फिरत्या रोटरने सोडण्याची पद्धत स्वीकारावी. नंतर मळ काढून स्ट्रॉन्शियम व रिफायनर घालावा. सळईचे तुकडे आधी गरम करून पूर्ण कोरडे करावेत. ओलसर तुकडा किंवा ओले हत्यार रसात गेले तर स्फोट होऊन माणसे भाजतात. तुकडे विरघळल्यावर तळापासून हलक्या हाताने ढवळावे, काही मिनिटे थांबावे आणि ओतण्यास सुरुवात करावी. ओतणे लांबले तर मधून मधून ढवळावे. ढवळताना वरची साय फोडून आत मिसळू नये. हत्यारांना लेप द्यावा, नाहीतर लोखंड रसात उतरून ठिसूळ सुया तयार होतात.

स्ट्रॉन्शियम व बोरॉन यांचेही फारसे पटत नाही. बोरॉन जास्त झाले तर ते स्ट्रॉन्शियमला बांधून घेते. दोन्ही वापरणाऱ्यांनी दोहोंची मात्रा एकत्र ठरवावी.

तपासणी कशी करावी?

रिफायनर टाकला, पण लागू पडला का? हे कास्टिंग परत आल्यावर कळून उपयोग नाही. रिफायनर टाकण्यापूर्वी एक आणि टाकल्यानंतर एक, असे दोन लहान कप सारख्याच तापमानाला ओतावेत, मधोमध कापावेत व एमरी कागदाने घासून प्रयोगशाळेत द्यावेत. तेथे आम्लाने दाणा उघडा करून दाखवतात. ही आम्ले तीव्र असतात, त्यांत हायड्रोफ्लोरिक आम्लही असू शकते. तेव्हा हे काम कारखान्यात करू नये.

दुसरी पद्धत कपात थर्मोकपल ठेवून थंड होण्याचा आलेख काढण्याची. दाणा मोठा येणार असेल तर गोठण्याच्या सुरुवातीला तापमान किंचित खाली जाऊन पुन्हा वर चढते. बी व्यवस्थित पडले असेल तर हा खळगा जवळजवळ दिसत नाही. गॅससाठी कमी दाबाखाली गोठवलेला नमुना कापून पाहण्याची साधी चाचणी आहे. दोन्ही चाचण्या केल्या तर दोष गॅसचा की दाण्याचा, हा नेहमीचा वाद मिटतो.

चाचणीच्या बाबतीत आपला भाग मागे नाही. ताण व कठीणपणा मोजण्याची यंत्रे बनविणारा फाय उद्योगसमूह इचलकरंजीचाच. कोल्हापुरात मेनन पिस्टन्ससारखी अॅल्युमिनियमचे पिस्टन बनविणारी कंपनी आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या संस्थेची शाखा कोल्हापुरात आहे. अॅल्युमिनियमवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्र १९८९ पासून नागपूरजवळ आहे. एवढेच काय, अॅल्युमिनियमचे मूळ खनिज बॉक्साइट आपल्याच जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरात सापडते.

हिशोब

शेवटी प्रश्न पैशाचा. समजा १०० किलोची मूस आहे आणि तीतून दोन-दोन किलोची ४० कास्टिंग निघतात. त्यात २०० ग्रॅम रिफायनर टाकला. त्याचा भाव अॅल्युमिनियमच्या तिप्पट धरला तरी खर्च ६०० ग्रॅम अॅल्युमिनियमइतका, म्हणजे एका कास्टिंगच्या धातूच्या एक तृतीयांशाहून कमी. रद्द झालेले कास्टिंग पुन्हा वितळवता येते हे खरे, परंतु जळालेला धातू, इंधन, मजुरी व मशीनिंगचा खर्च परत येत नाही, आणि गेलेला ग्राहक तर मुळीच येत नाही. दोन-तीन मुशींमागे एक कास्टिंग वाचले तरी खर्च निघतो.

मात्र हा हिशोब जमण्यासाठी वही लागते. कोणत्या मुशीत कोणता इनगॉट व किती भंगार घातले, तापमान किती, रिफायनर किती व किती वाजता टाकला, शेवटचे कास्टिंग किती वाजता ओतले आणि त्या मुशीतील किती माल नाकारला गेला, एवढ्या नोंदी महिनाभर ठेवल्या तर दोष कोठे आहे ते वहीच सांगेल. कबनूर, इचलकरंजी परिसरातील आयटीआय व डिप्लोमा झालेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. मागाच्या धंद्यात मंदी आली की हाताला दुसरे काम हवे असते. भट्टीपुढे उभे राहून नुसता रस ओतणारे पुष्कळ मिळतात. रस तपासून, त्याची नोंद ठेवून, कास्टिंग का गेले हे सांगू शकणाऱ्याला मात्र कोणताही शहाणा कारखानदार सहजासहजी सोडत नाही.